घरचा आहेर: लिबर्टी विद्यापीठातला एक माजी विद्यार्थी-विश्वस्त

१ मार्च २०१६, मंगळवार. अमेरिकेतल्या डझनभर राज्यांत त्या दिवशी पक्षांतर्गत उमेदवारीसाठी मतदान होतं, आणि व्हर्जिनिया त्यातलंच एक. त्याच राज्यातल्या लिंचबर्ग शहरात ‘लिबर्टी’ नावाचं मोठं ख्रिस्ती विद्यापीठ आहे. त्या दिवशी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिबर्टीच्या एका विश्वस्ताची मुलाखत आली. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला ही चूक झाली, असं त्याने नाव देऊन सांगितलं होतं. समोरच्याला धमकावणं आणि त्याचा व्यक्तिगत अपमान करणं हा ज्या प्रचाराचा गाभा आहे, त्याचं समर्थन ख्रिस्ताचा अनुयायी म्हणवणाऱ्याला करता येत नाही आणि लिबर्टीने चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना हे शिकवलेलं नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

या विश्वस्ताचं नाव मार्क डिमॉस. लिबर्टीचाच १९८४चा पदवीधर, २५ वर्षं विश्वस्त मंडळावर, आणि त्या वेळी मंडळाच्या कार्यकारी समितीचा अध्यक्ष. आठ आठवड्यांच्या आत हे सगळं संपलं.

मी आमच्या कॉलेजच्या विकास समितीवर माजी विद्यार्थी म्हणून बसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधल्या तरतुदीप्रमाणे या समितीत संस्था चार स्थानिक सदस्य नेमते आणि त्यांतला किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. तो ‘किमान एक’ मी. त्यामुळे डिमॉस यांचं प्रकरण मी जरा जास्तच बारकाईने वाचलं. आमच्या समितीला लिबर्टीच्या मंडळाच्या शतांश अधिकारही नाहीत, पण खुर्चीचा प्रश्न तोच आहे. ज्यांनी आपल्याला बोलावून बसवलं, त्यांच्याशी जाहीर मतभेद झाला तर काय करायचं?

घर कसं होतं

लिबर्टीची स्थापना १९७१ची, तेव्हाचं नाव लिंचबर्ग बॅप्टिस्ट कॉलेज. संस्थापक जेरी फॉलवेल हे बॅप्टिस्ट पाळक आणि टीव्हीवरचे प्रवचनकार. पुढे १९७९मध्ये त्यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि धार्मिक मतदारांना रिपब्लिकन पक्षाच्या दावणीला बांधण्यात मोठा वाटा उचलला. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण ‘विद्यापीठात राजकारण आणलं’ अशी तक्रार लिबर्टीत कुणाला करताच येत नाही. राजकारण त्या घराच्या जोत्यातच होतं.

बाप-लेकाचं नाव एकच, जेरी. म्हणून मी इथे थोरले फॉलवेल आणि धाकटे फॉलवेल असंच म्हणतो. थोरल्यांच्या काळात संस्था कर्जात बुडाली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्ज दहा कोटी डॉलरच्या वर गेलं होतं आणि दिवाळखोरीची भाषा सुरू होती. धाकटे जेरी पेशाने वकील. त्यांनी देणेकऱ्यांशी वाटाघाटी करत ते ओझं कमी केलं. मे २००७मध्ये थोरले वारले तेव्हा त्यांच्या आयुर्विम्याची रक्कम संस्थेकडे आली आणि उरलेलं कर्ज फिटलं. धाकटे अध्यक्ष झाले. पुढच्या काही वर्षांत ऑनलाइन अभ्यासक्रमांनी विद्यार्थीसंख्या लाखाच्या आसपास नेली, आणि संस्थेची मालमत्ता अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

वडिलांनी काढलेली संस्था, मुलाने वाढवलेली संस्था, आणि मुलाभोवती वडिलांच्या काळातले विश्वस्त. हे चित्र मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे अशा संस्था तालुक्यागणिक आहेत. अशा घरांत एक अलिखित हिशेब असतो. ज्याने बुडती संस्था वर काढली, त्याला चार गोष्टी माफ. लिबर्टीतही तो हिशेब चालू होता, आणि विश्वस्तांच्या जागी आपण असतो तर आपणही तो मांडला असता, हे प्रामाणिकपणे कबूल करावं.

डिमॉस कुटुंब या घरात दुहेरी नात्याने होतं. मार्क यांचे वडील आर्थर डिमॉस यांनी टपालाने विमा विकण्याच्या धंद्यात मोठा पैसा कमावला आणि तो ख्रिस्ती कामांकडे वळवला. १९७९मध्ये ते अचानक वारले, तेव्हा मार्क किशोरवयात होते. त्यानंतर मार्क लिबर्टीत शिकले, पदवी घेऊन थोरल्या फॉलवेल यांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले आणि काही वर्षं त्यांच्या अगदी जवळ वावरले. १९९१मध्ये त्यांनी अटलांटात स्वतःची जनसंपर्क संस्था काढली, आणि त्याच वर्षी ते विश्वस्त मंडळावर आले. कुटुंबाच्या देणगीतून, जी सुमारे दोन कोटी डॉलर असल्याचं छापून आलं आहे, विद्यापीठाच्या मधोमध खांबांची एक अवाढव्य इमारत उभी राहिली. तिला आर्थर डिमॉस यांचं नाव दिलं. पोरं वर्गाला जाताना नुसतं ‘डिमॉस’ म्हणत.

म्हणजे हा विश्वस्त माजी विद्यार्थी होता, संस्थापकाचा हाताखालचा माणूस होता आणि देणगीदाराचा मुलगाही होता. यांतल्या कोणत्या नात्याने तो बोलला, हा प्रश्न पुढे महत्त्वाचा होतो.

जानेवारीतले दोन दिवस

लिबर्टीत आठवड्यातून काही वेळा ‘कॉन्व्होकेशन’ भरतं. बास्केटबॉलच्या भल्यामोठ्या बंदिस्त मैदानात गाणी, प्रार्थना आणि पाहुण्याचं भाषण. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना हजेरी सक्तीची. त्यामुळे इथे येणाऱ्या राजकारण्याला हजारो तरुण डोकी आयती मिळतात. रिपब्लिकन पक्षाचे टेड क्रूझ यांनी मार्च २०१५मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी इथेच जाहीर केली. सप्टेंबरात डाव्या विचारांचे बर्नी सँडर्सही येऊन गेले आणि पोरांनी त्यांचं ऐकून घेतलं. पाहुणे सगळ्या रंगांचे बोलवायचे, हा परिपाठ होता आणि तो चांगलाच होता.

१८ जानेवारी २०१६ला ट्रम्प आले. तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ सुटीचा दिवस. धाकट्या फॉलवेल यांनी लांबलचक ओळख करून दिली. ट्रम्प येशूने शिकवल्याप्रमाणे इतरांवर प्रेम करत आणि त्यांना मदत करत जगतात, असं ते म्हणाले. आपल्या वडिलांची आठवण काढून त्यांच्याशी ट्रम्प यांचं साम्यही दाखवलं. मग ट्रम्प यांनी बायबलमधलं एक वचन उद्धृत करताना ‘सेकंड करिंथियन्स’ऐवजी ‘टू करिंथियन्स’ म्हटलं, आणि बाकांवर हशा पिकला. आपल्याकडच्या चर्चमध्ये ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ म्हणतात. त्याला कुणी ‘करिंथकर दोन’ म्हणालं, तर शेवटच्या रांगेतली आजीसुद्धा मान वळवून बघेल, तसंच ते होतं. गंमत म्हणजे ते वचन विद्यापीठाच्या नावाशी जुळणारं आहे: जिथे प्रभूचा आत्मा तिथे मोकळीक. ‘लिबर्टी’ म्हणजे हीच मोकळीक.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं २६ जानेवारीला. उमेदवारीसाठीच्या पहिल्या, आयोवा राज्यातल्या मतदानाला आठवडा उरला असताना धाकट्या फॉलवेल यांनी ट्रम्प यांना उघड पाठिंबा जाहीर केला. ‘वैयक्तिक’, असं त्यांनी स्पष्ट केलं. ते कायद्याने करणं भागच होतं. अमेरिकेत १९५४पासून करमाफी मिळणाऱ्या धर्मादाय संस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पण संस्थेचा प्रमुख स्वतःच्या नावाने करू शकतो. कायद्याच्या भाषेत ही रेघ अगदी सरळ आहे. व्यवहारात मात्र वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘लिबर्टीचे अध्यक्ष’ असंच छापलं जातं. उमेदवाराला हवा असतो तो हाच शिक्का. लिंचबर्गच्या एका वकिलाचा पाठिंबा कुणाला हवा होता?

आणि विद्यापीठातली मुलं? १ मार्चच्या मतदानात ट्रम्प व्हर्जिनियात पहिले आले, पण लिबर्टीच्या आवारातल्या मतदान केंद्रावर त्यांना दहा टक्केही मतं पडली नाहीत. तिथे पहिले मार्को रूबियो, दुसरे क्रूझ. अध्यक्ष एकीकडे आणि वसतिगृह दुसरीकडे. डिमॉस यांच्या मुलाखतीच्या दिवशीच ही मतं पडत होती, म्हणजे ते त्या मुलांच्या मनातलं बोलले असं नंतर म्हणता येतं. त्या मुलांनी त्यांना प्रतिनिधी नेमलं होतं असं मात्र नाही. ते माजी विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून आलेले नव्हते. त्यांना मंडळानेच घेतलं होतं.

आरोप कोणता, आणि कोणता नाही

डिमॉस राजकारणापासून सोवळे नव्हते. २००८ आणि २०१२च्या निवडणुकांत त्यांनी रिपब्लिकन नेते मिट रॉम्नी यांच्यासाठी ख्रिस्ती पुढाऱ्यांमध्ये खटपट केली होती. रॉम्नी हे मॉर्मन, म्हणजे लिबर्टीच्या धर्ममतानुसार परक्या पंथाचे. तरी मे २०१२मध्ये रॉम्नी लिबर्टीच्या पदवीदान समारंभाचे पाहुणे होते. तेव्हा ‘पाळकाला मत देत नाही, राष्ट्राध्यक्षाला देतो’ हा युक्तिवाद डिमॉस यांच्याच गोटातला होता, आणि २०१६मध्ये धाकटे फॉलवेलही तेच म्हणत होते. हा डिमॉस यांच्या बाजूतला कच्चा दुवा आहे. टीकाकारांनी तो पकडला असता तर चुकलं नसतं.

डिमॉस यांचा आक्षेप मात्र वेगळ्या जागी होता. उमेदवार आपल्या पंथाचा आहे की नाही, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं ते भाषेबद्दल. रोज कुणाला तरी शिव्या घालणारा, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माजी पुढाऱ्याचा पाठिंबा झिडकारायला टाळाटाळ करणारा माणूस ‘ख्रिस्तासारखा वागतो’ अशी ग्वाही विद्यापीठाच्या व्यासपीठावरून दिली गेली, हे त्यांना बोचलं. या आक्षेपाचा संबंध विद्यापीठाच्या मूळ उद्दिष्टाशी पोहोचतो, म्हणून तो विश्वस्ताच्या अखत्यारीत येतो. ‘मला रूबियो आवडतो’ एवढंच ते म्हणाले असते, तर तो आला नसता.

अमेरिकेतल्या ना-नफा संस्थांच्या कायद्यात विश्वस्ताची तीन कर्तव्यं सांगतात: काळजी, निष्ठा आणि संस्थेच्या उद्दिष्टाचं पालन. निष्ठा कुणाशी, हे तिथे अगदी उघड आहे. ती संस्थेशी असते, संस्थेच्या प्रमुखाशी नव्हे. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणारं जे मंडळ आहे, आणि ज्याची मान्यता लिबर्टीला १९८०पासून आहे, त्याच्या नियमांतही हेच येतं. मुख्य प्रशासकाची नेमणूक आणि मूल्यमापन विश्वस्त मंडळाने करावं, मंडळ मूठभरांच्या कह्यात नसावं, बाहेरच्या दडपणापासून मंडळाने संस्थेला वाचवावं, आणि मुख्य प्रशासक मंडळाचा अध्यक्ष नसावा. कागदावर विश्वस्त हा अध्यक्षाचा मालक आहे. मग पुढे जे घडलं, ते मालकाने नोकराबद्दल बोलल्याबद्दल मालकालाच घालवण्यासारखं झालं.

एप्रिल

२१ एप्रिलला कार्यकारी समिती बसली आणि तिने डिमॉस यांना समितीचं अध्यक्षपद सोडायला सांगितलं. त्यांनी सोडलं. २५ तारखेला त्यांनी विश्वस्तपदाचाही राजीनामा दिला. २५ वर्षांचा कारभार चार दिवसांत आटोपला.

विद्यापीठाच्या बाजूने जे मांडलं गेलं त्याचा सूर असा होता: मत असण्याला हरकत नव्हती, चव्हाट्यावर मांडण्याला होती. शिवाय प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या माणसांनी डिमॉस यांना प्यादं बनवलं, असंही धाकट्या फॉलवेल यांनी सुचवलं. दुसऱ्या मुद्द्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आयुष्य जनसंपर्काच्या धंद्यात घालवलेल्या माणसाला वर्तमानपत्र आपला वापर कसा करतं हे कळत नसेल, हे पटण्यासारखं नाही.

पहिला मुद्दा मात्र वजनदार आहे. कोणत्याही मंडळात शिस्तीचा एक साधा नियम असतो: आत भांडा, बाहेर एका सुरात बोला. तो नसेल तर बैठकीत कुणी मोकळेपणाने बोलणारच नाही. एवीतेवी उद्या पेपरात यायचंच आहे, असं सगळ्यांना वाटेल. डिमॉस नुसते सदस्य नव्हते, कार्यकारी समितीचे अध्यक्ष होते. दोन बैठकांमधल्या काळात मंडळाचे बहुतेक अधिकार अशाच समितीकडे असतात. त्या खुर्चीवरच्या माणसाने मतदानाच्या दिवशी मोठ्या राष्ट्रीय दैनिकात अध्यक्षांवर टीका केली, तर बाकीचे विश्वस्त खवळणारच. मी तिथे असतो तर मीही चिडलो असतो. ‘आधी फोन तरी करायचास’ असं म्हटलं असतं.

पण मग हाच नियम अध्यक्षांना का लागू नव्हता? जाहीरपणे, संस्थेचा रंग लागलेलं, संस्थेत फूट पाडणारं बोलणं आधी अध्यक्षांचं झालं होतं. ते ‘वैयक्तिक’ म्हणून खपलं. डिमॉस यांचंही वैयक्तिकच होतं. एकाच्या वैयक्तिक मताला मोकळीक आणि दुसऱ्याच्या वैयक्तिक मताला राजीनामा, असा न्याय झाला. मंडळापुढे दुसरे रस्ते नव्हते असंही नाही. संस्थेच्या प्रमुखाने निवडणुकीत कुणालाही जाहीर पाठिंबा देऊ नये, आणि विश्वस्तांनीही तसं बोलू नये, असा एक ठराव करून दोघांनाही त्याच्या चौकटीत आणता आलं असतं. डिमॉस यांना समितीचं अध्यक्षपद सोडायला लावून, पण मंडळावर राहा म्हणून हातापाया पडून, मतभेदाची इतिवृत्तात नोंद करून घेता आली असती. यांतलं काही झालं नाही. तिशीच्या आसपास विश्वस्त असलेल्या त्या मंडळाला त्या दिवशी एवढंच समजलं की, ज्याच्या वडिलांचं नाव इमारतीवर आहे त्यालाही दार दाखवलं जातं. मग आपण कोण?

हे मी लांबून शहाणपणाने लिहितोय, तर आमच्याकडचंही एक सांगतो. गेल्या वर्षी समितीत शुल्कवाढीचा विषय होता. माझा विरोध होता, तो मी बोलून दाखवला. चहा-बिस्किटं झाली, बैठक संपली. आठवड्याने इतिवृत्त सहीला आलं, तर त्यात ‘सर्व विषय एकमताने मंजूर’. कार्यालयातल्या मामांना विचारलं, माझा विरोध कुठे गेला? ते निरागसपणे म्हणाले, “साहेब, ते एकमताने आधीच टाइप करून ठेवलेलं असतं. नेहमीचंच आहे ना.” मग त्यांनी ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढली आणि विचारलं, “काय लिहू सांगा.” मला पटकन वाक्य सुचेना. इतक्या वर्षांत ते कुणी लिहून घेतलंच नव्हतं. शेवटी ‘एका सदस्याचा विरोध नोंदवून मंजूर’ असं आम्ही दोघांनी मिळून जुळवलं. कुणी रागावलं नाही. पुढच्या बैठकीत प्राचार्यांनी मला दोनदा ‘सर’ म्हटलं, एवढाच फरक पडला.

डिमॉस यांनी बाहेर जाण्याआधी आत हे लिहून घ्यायला हवं होतं, असं माझं मत आहे. वर्तमानपत्रातली मुलाखत दुसऱ्या दिवशी शिळी होते. इतिवृत्तातलं एक वाक्य पुढच्या अध्यक्षाला, पुढच्या लेखापरीक्षकाला, पुढच्या चौकशीला सापडतं. अर्थात, असं वाक्य लिहून घेऊन गप्प बसणारे विश्वस्तही मी पाहिलेत. त्यांना आपण ‘नोंद केली’ याचंच समाधान पुरतं.

खुर्ची रिकामी झाल्यावर

ऑक्टोबर २०१६मध्ये ट्रम्प यांच्या बायकांविषयीच्या अश्लील बोलण्याची ध्वनिचित्रफीत बाहेर आली, तेव्हा लिबर्टीच्या विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या भूमिकेपासून स्वतःला वेगळं करणारं निवेदन काढलं आणि त्यावर सह्या गोळा केल्या. ऑगस्ट २०१७मध्ये शार्लट्सव्हिल इथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा निघाला. ट्रम्प यांनी त्यावर जे म्हटलं त्याची धाकट्या फॉलवेल यांनी पाठराखण केली, तेव्हा काही माजी विद्यार्थ्यांनी पदव्या परत पाठवायचं ठरवलं. आपल्याकडे २०१५मध्ये पुरस्कारवापसी झाली होती, तसाच प्रकार. मे २०२०मध्ये अध्यक्षांनी वर्णद्वेषी छायाचित्र छापलेल्या मास्कचं ट्वीट केलं. त्यावर तीसहून अधिक कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनी खुलं पत्र लिहिलं आणि अध्यक्षांना माफी मागावी लागली.

म्हणजे माजी विद्यार्थी बोलायचे थांबले नव्हते. ते बोलत होते कुंपणाबाहेरून. आतली खुर्ची रिकामी होती.

ऑगस्ट २०२०मध्ये सगळंच कोसळलं. एका बोटीवरच्या पार्टीतला धाकट्या फॉलवेल यांचा फोटो त्यांनीच इन्स्टाग्रामवर टाकला होता. हातात पेला, पँटची चेन अर्धी उघडी, शेजारी तशाच अवतारातली एक तरुणी. हे ज्या संस्थेच्या प्रमुखाचं, त्या संस्थेत विद्यार्थ्यांना ‘लिबर्टी वे’ नावाची आचारसंहिता होती. दारू नाही, लग्नाआधी संबंध नाहीत, मोडलं तर दंड. ७ ऑगस्टला मंडळाने त्यांना रजेवर पाठवलं. २४ तारखेला ‘रॉयटर्स’ने फॉलवेल पतिपत्नी आणि एका तरुण व्यावसायिक सहकाऱ्याच्या संबंधांबद्दल बातमी दिली. त्या रात्री राजीनामा दिला, नाही दिला, अखेर दिला, असं नाट्य झालं आणि मंडळाने तो २५ला स्वीकारला. जाताना कराराप्रमाणे त्यांना एक कोटी पाच लाख डॉलर मिळणार असल्याचं त्यांनीच पत्रकारांना सांगितलं.

त्या घरगुती भानगडीत मला रस नाही, आणि डिमॉस मंडळावर राहिले असते तर ती टळली असती असं म्हणणं हास्यास्पद होईल. कुणाच्या घरात काय चाललंय हे विश्वस्ताला कळत नसतं. पण कराराचं तसं नाही. एप्रिल २०२१मध्ये विद्यापीठानेच आपल्या माजी अध्यक्षांवर दावा लावला. त्यातला एक मुख्य आरोप २०१९च्या नोकरीच्या कराराबद्दल होता. बदनामीचं संकट डोक्यावर घोंघावत असताना ते लपवून अध्यक्षांनी कार्यकारी समितीकडून स्वतःसाठी चांगल्या अटी, वाढीव निरोपाच्या रकमेसह, पदरात पाडून घेतल्या, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. फॉलवेल यांनी आरोप नाकारले आणि उलट तेही कोर्टात गेले. २०२४च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी तडजोड केली.

आरोप खरा की खोटा हे तडजोडीमुळे कोर्टात ठरलं नाही. तरी आरोपातच एक कबुली दडलेली आहे. अध्यक्षांनी जे पुढे ठेवलं त्यावर कार्यकारी समितीने विश्वास ठेवला. ही तीच समिती, जिच्या अध्यक्षाला तीन वर्षांपूर्वी प्रश्न विचारल्याबद्दल घालवलं होतं. डिमॉस असते तर त्यांनी करारातलं कलम वाचून ‘हे एवढं कशासाठी?’ विचारलंच असतं, याची हमी नाही. पण विचारणं म्हणजे पदावर पाणी सोडणं, हे समजलेल्या माणसाने विचारलं नसतं, याची हमी बरीच आहे.

फॉलवेल गेल्यावर हंगामी अध्यक्षपद कुणाकडे गेलं? विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष जेरी प्रीव्हो यांच्याकडे. अलास्कातल्या अँकरेजचे हे ज्येष्ठ पाळक. ज्यांनी देखरेख करायची होती, त्यांच्याच हाती कारभार आला. त्याच सुमारास काही तरुण माजी विद्यार्थ्यांनी ‘सेव्ह ७१’ हा गट काढला. ७१ म्हणजे स्थापनेचं वर्ष. त्यांची मागणी एका माणसाविरुद्ध नव्हती. स्वतंत्र चौकशी करा, तिचे निष्कर्ष उघड करा आणि मंडळात बदल करा, असं ते म्हणत होते. मला या गटाचं कौतुक अशासाठी वाटलं की, बोट बरोबर जागी ठेवलेलं होतं. लफड्याच्या फोटोत जग रमलं असताना ही पोरं विश्वस्तांची यादी वाचत बसली होती.

पुढे मार्च २०२४मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने आवारातल्या गुन्ह्यांची माहिती देण्याचा कायदा मोडल्याबद्दल लिबर्टीला एक कोटी चाळीस लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्या कायद्याखालचा तोवरचा तो सर्वांत मोठा दंड. दोष अनेक वर्षांचे होते, आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी करणाऱ्या मुलींना गप्प राहावंसं वाटेल असं वातावरण असल्याचं त्यात नोंदलं होतं. ‘बाहेर बोलू नये’ ही सवय बैठकीच्या खोलीपुरती राहिली नव्हती, एवढं त्यावरून दिसतं.

२०२३मध्ये विद्यापीठाने नवा अध्यक्ष नेमला. डॉन्डी कॉस्टिन, अमेरिकन हवाई दलाचे निवृत्त मेजर जनरल आणि तिथल्या धर्मगुरूंचे प्रमुख. त्यांच्याकडे लिबर्टीच्याच पदव्युत्तर पदव्या आहेत, म्हणजे आता अध्यक्षच माजी विद्यार्थी. थोरल्यांचा दुसरा मुलगा जोनाथन फॉलवेल, जो तेव्हा वडिलांच्या चर्चचा पाळक होता, तो कुलपती झाला. कारभार आणि घराणं अशी वाटणी झाली. हे बरं झालं की नुसतं पाटीचं काम झालं, ते कॉस्टिन यांच्या भाषणांवरून कळणार नाही. मंडळातला कुणी त्यांच्याशी असहमत होईल आणि पुढच्या बैठकीलाही तो आपल्या जागेवर बसलेला दिसेल, तेव्हा कळेल.